तोकाय म्हणजे नुसती गोड वाइन नव्हे

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत हंगेरीच्या तोकाय वाइनवर आलेला लेख वाचला. विषय चांगला, पण त्यातला सल्ला बाटली वाया घालवणारा आहे. तोकाय म्हणजे जेवणानंतरची गोड वाइन, ती बर्फगार करून चॉकलेट केकबरोबर घ्यावी, असे लेखात म्हटले आहे.

तोकाय हे वाइनच्या एका प्रकाराचे नाव नाही. ईशान्य हंगेरीत बोद्रोग आणि तिसा नद्यांच्या संगमापाशी असलेला तो प्रदेश आहे. तिथले मुख्य द्राक्ष फुरमिंट. त्याचा आंबटपणा मुळातच दणकट, म्हणून त्याच्यापासून अगदी कोरडी आणि पाकासारखी गोड, अशा दोन्ही टोकांच्या वाइन बनतात. बाटली घेताना लेबलवरचे शब्द पाहावेत: ‘साराझ’ म्हणजे कोरडी, ‘एदेश’ म्हणजे गोड.

जेवणात घ्यायची ती कोरडी फुरमिंट, आणि तिची खरी जोडी पाप्रिकाश चिर्के, म्हणजे पाप्रिका (लाल मिरचीची पूड) घातलेल्या कोंबडीच्या रश्श्याशी. किलोभर कोंबडीला दोन मोठे कांदे चरबीत मऊ होईस्तोवर परतायचे, मग भांडे चुलीवरून खाली उतरवून दोन मोठे चमचे गोडी पाप्रिका घालायची. भांडे विस्तवावर असतानाच घातली तर पाप्रिकेतली साखर क्षणात जळते, रस्सा कडवट होतो आणि त्या कडवटपणापुढे वाइनही कडू लागते. शेवटी २०० मिली आंबट साय चमचाभर मैद्यात कालवून, आच मंद करून घालावी. उकळी फुटली की ती फाटते. फुरमिंटचा आंबटपणा सायीचा तुपकटपणा कापून काढतो. तिखट पाप्रिका वापरली असेल तर मात्र कोरडी वाइन टाळावी, कारण अल्कोहोल आणि आंबटपणा दोन्ही जिभेची आग वाढवतात. तिथे थोडी गोडसर बाटली बरी. बालातोन सरोवरातल्या फोगाश माशाबरोबर तिकडचे लोक ओलासरिझलिंग ही पांढरी वाइन घेतात, तीही चांगली.

आता गोड प्रकार, ‘असू’. (हंगेरियन उच्चार ‘ऑसू’च्या जवळचा.) शरद ऋतूत नद्यांवरून सकाळी धुके येते, दुपारी ऊन पडते, आणि त्या हवेत पिकलेल्या द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी चढते. भुरी-डाऊनी या बुरशीच्या रोगांच्या धास्तीत हंगाम काढणाऱ्या आपल्या द्राक्षबागायतदाराला हे विचित्र वाटेल, पण तिथे या बुरशीची वाट पाहतात. ती सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, पाणी उडून जाते, साखर आणि आंबटपणा दाट होतात. असे सुकलेले मणी एकेक करून खुडतात आणि रसात किंवा वाइनमध्ये भिजवतात. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपाला अशा मण्यांच्या साधारण २५ किलोच्या किती टोपल्या, यावर ‘पुत्तोन्योश’ या गोडीच्या मापाचा आकडा ठरे. आता तो साखरेवर ठरतो: ५ पुत्तोन्योशला लिटरमागे किमान १२० ग्रॅम, ६ ला १५०.

इतकी साखर असूनही ती चिकट लागत नाही, हे आंबटपणाचे काम. म्हणूनच तिची खरी गाठ मिठाशी आणि चरबीशी: हंसाचे यकृत (हंगेरीत लिबामाय) किंवा निळ्या बुरशीचे खारट चीज. नियम एकच, पदार्थ वाइनपेक्षा गोड नको. चॉकलेट केक, गुलाबजाम, श्रीखंड यांच्यापुढे तिची गोडी हरवते आणि तोंडात नुसती आंबट चव उरते. गोडच हवे असेल तर जर्दाळूचा कमी साखरेचा टार्ट चालेल.

बर्फगार तर मुळीच नको. फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटे बाहेर ठेवावी; १० ते १२ अंशांवर जर्दाळू-मधाचा वास मोकळा होतो, ४ अंशांवर तो दबून जातो. लहान ग्लासात ५०-६० मिली पुरे. उघडलेली असूची बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकते. कोरडी फुरमिंट दोन-तीन दिवसांत संपवावी. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर बाटली परत करू नये. ते द्राक्षातल्या आम्लाचे स्फटिक आहेत, बिघाड नव्हे. ओतताना शेवटचा घोट बाटलीतच राहू द्यावा.

— एक वाचक