पोरांबरोबर खेळून काय मिळतं, ते

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "ह्या वयात पोराटोरांबरोबर बुद्धिबळ खेळून तुला मिळतं काय?" मागे बाबा हसल्याचं ऐकू आलं. तेवढ्यात रेंज गेली, म्हणून हे पत्र.

आई, दिव्या देशमुखची बातमी तू कापून ठेवलीयस. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला तिने कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तीही १९ व्या वर्षी. ती वाट माझी नाही. माझं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १५०० च्या आसपास घुटमळतं. तेसुद्धा मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एका सूत्राने वाढवलं म्हणून. १२४० चा मी घरी बसून १५४४ झालो. महागाई भत्त्यासारखी सरसकट वाढ आहे, असं मी सांगत होतो, तरी तू देवापुढे साखर ठेवलीसच.

पोरांचं म्हणशील, तर हिशेबच त्यांच्या बाजूचा आहे. रेटिंग किती झपाट्याने वर-खाली होतं ते गुणांकावर ठरतं; अठरा वर्षांखालच्यांचा गुणांक ४०, माझा २०. म्हणजे बरोबरीच्या रेटिंगच्या पोराशी हरलो, तर माझे जेवढे गुण जातात त्याच्या दुप्पट त्याला मिळतात. आणि ही पोरं आज कागदावर दिसतात त्याहून कितीतरी पुढे गेलेली असतात. डाव संपला की बाहेर आईच्या डब्यातला शिरा खात मलाच सांगतात, "काका, तिथे उंट मारायला हवा होता."

पण मागच्या स्पर्धेतला एक डाव बाबांना सांगायचाय. समोरचा माझ्याहून बराच वरचा. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती उरला आणि त्याच्याकडे एक प्यादं जास्त. मी हत्ती माझ्या बाजूने तिसऱ्या ओळीवर धरून ठेवला, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येईना. तो तासभर वाटा शोधत राहिला. शेवटी कंटाळून त्याने प्यादं त्या ओळीवर ढकललं, तसा मी हत्ती पार पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि मागून शह देत सुटलो. आता त्याच्या राजाला आडोसाच नाही! बरोबरी. फिलिदोर नावाच्या फ्रेंच माणसाने अठराव्या शतकात दाखवलेली ही युक्ती. बाबा, तो माणूस ऑपेरांना संगीतही द्यायचा. तुमच्या भजनमंडळात पेटीवर खपला असता. मी ती पुस्तकातून कधीतरी शिकलो होतो, पण पटावर, घड्याळ चालू असताना, ती स्वतःच्या हाताने जमली तेव्हा काय वाटलं ते ऑफिसात कुणाला सांगणार? बक्षीस नव्हतंच. रात्री झोप लागेना एवढं मात्र खरं.

आई, मिळतं ते एवढंच. बाकी गुडघे, बॉस, लोनचे हप्ते जिथल्या तिथे.

बाबा, तुमच्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. त्यात मी अजून तुम्हाला हरवलेलं नाही. त्याचं कारण तुमचा खेळ की तासन्‌तास पान जुळवत बसणं, ते बघायचंय. चतुर्थीची रजा मंजूर झालीय, डोळ्यांचे थेंब घेऊन येतो. ह्या खेपेला नियम तुमचे, घड्याळ माझं. प्रत्येकी पंधरा मिनिटं, पानाचा डबा आईकडे.

तुमचा,
बाळू