ट्रंकेतला चित्रकार

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय दिगू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. शाळेतल्या पोरांना कलावंताचं काम दाखवायला ट्रंकेत वस्तू भरून नेतोयस म्हणे, सविस्तर कळव, असं तू लिहिलंस आणि मी आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. आज घरची मंडळी नृसिंहवाडीला गेलीत. घरात मी आणि टेबलावरचा गार चहा.

आधी फजिती ऐक. गेल्या वर्षी मी आपल्या गावच्या कलावंतांची एक पुस्तिका केली होती. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, प्रत्येकाचं रेखाचित्र, खाली सालं, कडेनं वेलबुट्टी. दिसायला फक्कड. एका शाळेत दिली आणि महिन्यानं पुन्हा गेलो. पोरांनी घडाघडा म्हणून दाखवलं, आबालाल रहिमान, मृत्यू 1931. मी विचारलं, "हा माणूस सकाळी उठून काय करत असेल?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "चित्र काढत असतील." "आणि घर कशावर चालत असेल?" "चित्रकाराला पैसे लागत न्हाईत सर."

लेका, पुस्तिका तिथंच मिटली.

मग आईची जुनी पत्र्याची ट्रंक काढली आणि ठरवलं, हिच्यात चांगलं असं काही ठेवायचं नाही. चहाच्या गाडीच्या बोर्डाचे माझे तीन कच्चे आराखडे ठेवले, गिऱ्हाइकानं पेनानं केलेल्या दुरुस्त्यांसकट (त्याला "स्पेशल" हा शब्द गाडीच्या नावापेक्षा मोठा हवा होता). त्याच बोर्डाचं बिल. केस झडलेला ब्रश. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून आणलेला गणपतीच्या हाताचा तडकलेला साचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा गोळा. पोरं बिलावर तुटून पडतात. रंगाला किती, मजुरीला किती, पाटी लावायला शिडी कुणाची! एका पोरीनं विचारलं, "विचार केल्याचं किती लावलं?" मी ते लावलंच नव्हतं. तीस वर्षांत कधीच लावलं नाही.

बाबूरावांना मी पुस्तकातनं काढून शिवाजी चौकात नेलं. चौकातला महाराजांचा अर्धपुतळा पोरं रोज बघतात, तो कुणी घडवला हे चाळीसातल्या एकालाही सांगता येईना. तिथं आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, बेचाळीसच्या चळवळीत त्याला डांबर फासलं गेलं आणि 1945 मध्ये त्या जागी महाराज आले, ते बाबूरावांच्या हातचे. हाच माणूस नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. सिनेमाचा कॅमेरा मिळेना तर तो इथंच घडवून घेतला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पोरांना हे कळलं की ती आपोआप विचारतात, मग तो पेंटर होता, सुतार होता की मेस्त्री? आडनाव मेस्त्रीच होतं, असं सांगितलं की वर्गात हशा.

पण ट्रंकेतली माझी लाडकी गोष्ट म्हणजे चौकटींचा खेळ. पडदे रंगवणारे छोट्या चित्रावर चौकटी पाडून ते मोठं करायचे ना, तोच. मी रंकाळ्यातल्या संध्यामठाचं एक चित्र केलं, सहा इंच बाय सहा इंच. त्याचे छत्तीस तुकडे केले, एका पोराला एक. इंचाचा फूट करायचा, पूर्ण चित्र कुणाला दाखवायचं नाही. वर्गात अडतीस जण होते, म्हणून उरलेल्या दोघांना मुकादम केलं. शेजारच्या तुकड्याची रेघ जुळते का एवढंच त्यांनी बघायचं.

एका मुलीच्या वाट्याला नुसतं पाणी आलं. मठ नाही, झाड नाही, काठसुद्धा नाही. ती रुसली. "माझ्यात काहीच न्हाई." मी म्हटलं, "नीट बघ." ती बराच वेळ इंचभर कागद डोळ्याला लावून बसली. मग म्हणाली, "सर, हे पाणी वर हिरवं हाय आन् खाली काळं. कशाची तरी सावली पडलीया. कशाची, ते सांगू नका." आणि तिनं फूटभर पाणी रंगवलं. शेवटी फरशीवर तुकडे जोडले तेव्हा तिच्या पाण्याच्या बरोबर वर मठाची भिंत आली. ती काही बोलली नाही, फक्त चप्पल काढून त्या कागदाजवळ जाऊन बसली. मुकादमांचं मात्र दोन ठिकाणी चुकलं. मठाचा एक खांब मध्येच बोटभर सरकलाय. मी तो तसाच ठेवला.

कटकटी आहेतच. एका शाळेनं चाचणीत विचारता येतील असे प्रश्न आणि उत्तरं सोबत मागितली. "या साच्यात काय चुकलंय?" याचं उत्तर काय लिहून देऊ? तिथं पोरं चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. त्यांना दोष नाही, आपणही काही फार वेगळे नव्हतो. दुसरीकडं दिवसभर शिकवल्यावर शाल आणि नारळ मिळाला. नारळाची चटणी झाली. शाल मी ट्रंकेत ठेवली, बिलाच्या शेजारी. आता पोरं विचारतात, ही कशाला? मग बोलणं चांगलं तासभर चालतं.

आता तुझं काम. माझी ट्रंक उचलून सावंतवाडीत नेऊ नकोस. तुझ्याकडं लाकडावरचं लाखकाम आहे, गंजिफा म्हणजे खेळायचे रंगीत पत्ते आहेत. दशावतारी गंजिफाचे एकशेवीस गोल पत्ते हातानं रंगवणारा माणूस एकाच आकाराचे मासे किती वेळा काढत असेल आणि कंटाळा आला की काय करत असेल, हे तुझ्या पोरांनी त्याला जाऊन विचारावं. आणि माझ्यासाठी एक बिघडलेला पत्ता माग. रंग ओघळलेला, मत्स्याचं शेपूट वाकडं झालेलं, काहीही चालेल. चांगला दिलास तर परत पाठवीन.

एसटीच्या पार्सलनं पाठव. मागच्या वेळी काजू पाठवलेस तेव्हा सुतळीच्या इतक्या गाठी मारल्या होत्यास की कात्री मोडली, तसं बांधू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू