खुर्ची ने, पण तासांचा हिशेब करून

प्रिय मित्रा,

सहा दिवसांच्या पायी भटकंतीसाठी केलेली तुझी सामानाची यादी मिळाली. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये लिहिलीस हे फार बरं केलंस. "तसं फार जड नाही रे" म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात माझी निम्मी उमेद जाते. बेरीज मी पुन्हा करून पाहिली. सॅक 2.6 किलो, तंबू 2.9, स्लीपिंग बॅग 1.8, फोमची मॅट 0.4, आणि बाकीचं किडूकमिडूक 4.8. झाले साडेबारा किलो. त्यावर सहा दिवसांचं खाणं रोज 700 ग्रॅमच्या हिशेबाने 4.2, दोन लिटर पाणी म्हणजे 2, गॅसचा डबा 0.4. म्हणजे पहिल्या सकाळी पाठीवर 19 किलो.

तू विचारलंयस, "यातलं काय काय काढू?" त्याआधी मला एक सांग, रोज किती तास चालणार आहेस? कारण सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. दिवसाचे दहा तास चालणाऱ्याला सॅकमधला प्रत्येक किलो दहा तास छळतो आणि मुक्कामाला पोचल्यावर तो जेवून आडवा होतो, त्याला खुर्ची कशाला? चार-पाच तास चालून दुपारीच तंबू ठोकणारा मात्र उरलेला दिवस जमिनीवरच काढतो. तुझा बेत दुसऱ्या प्रकारचा वाटतो. म्हणून त्या अर्ध्या किलोच्या घडीच्या खुर्चीवर, जिच्यावर तू स्वतःच लाजून प्रश्नचिन्ह टाकलंयस, मी काट मारणार नाही. मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो: ही मला रोज किती तास सुख देणार, आणि त्यासाठी किती तास वाहावी लागणार? खुर्ची रोज तीन तास कामाला येते. तुझं ते पावशेर वजनाचं, पक्कड-कात्री-करवत असलेलं हत्यार सहा दिवसांत बहुधा एकदा उघडेल, तेही खाऊचं पाकीट फाडायला.

या हिशेबात रात्र सगळ्यांत वर येते. आठ तास झोप रोज. पण तू सॅकमध्ये सगळ्यांत कमी वजन कशाला दिलंस, तर मॅटला! थंडी वरून येते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अंगाची ऊब जमीन ओढून घेते, आणि स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली दाबला जातो त्यातली हवाच निघून जाते, मग तो कसली ऊब धरणार? मॅटची ऊब धरायची ताकद आर-व्हॅल्यू नावाच्या आकड्यात सांगतात. तुझ्या फोमच्या मॅटचा तो आकडा 2 च्या आसपास असेल, म्हणजे उन्हाळ्यापुरती ठीक. तू जातोयस त्या गारठ्यात निदान 4 हवा. तेवढी फुगवायची मॅट साधारण अर्ध्या किलोत मिळते. म्हणजे वजन कमी करायला बसलेल्या तुला मी पहिला सल्ला देतोय तो 100 ग्रॅम वाढवण्याचा. हस खुशाल. फुगवायची मॅट भोक पडून बसेल ही तुझी भीती खरी आहे, म्हणून ठिगळाचं पाकीट बरोबर ठेव, त्याचं वजन नगण्य. आणि एकावर एक घातलेल्या दोन मॅटांचे आकडे सरळ बेरजेत धरता येतात, हेही लक्षात ठेव. पुढे कधी खऱ्या बर्फात गेलास तर ही जुनी फोमची खाली घालता येईल.

स्लीपिंग बॅग घेताना लेबलावर दोन तापमानं असतात. दुकानदार नेहमी खालचं, म्हणजे मर्यादेचं सांगतो. तू "कम्फर्ट" लिहिलेलं बघ. मर्यादेचा आकडा अंग आखडून झोपणाऱ्या, ठरावीक मापाच्या पुरुषावर बेतलेला असतो, आणि तू तर पंख्याखालीही चादर ओढतोस. पिसांची बॅग घेतलीस तर 1.8 चं वजन सहज एक किलोवर येईल आणि ती सॅकमध्ये जागाही थोडी घेईल. अट एकच. पिसं भिजली की ती फुलत नाहीत आणि मग त्यांची ऊब संपते. रोज पाऊस असलेल्या प्रदेशात जायचं असतं तर मी तुला जड असली तरी सिंथेटिकच घ्यायला सांगितलं असतं. तुझा महिना कोरडा आहे, तेव्हा पिसं घे आणि जलरोधक पिशवीत घालून सॅकच्या तळाशी ठेव.

आता तंबू. 2.9 किलोचा तंबू दोघांचा आहे आणि तू एकटा जातोयस, त्यामुळे याबाबतीत मी मुळीच दयामाया दाखवणार नाही. दीड किलोच्या आत एका माणसाचे चांगले तंबू मिळतात. चालायच्या काठ्यांवर उभे राहणारे तर एक किलोच्याही आत येतात, आणि उतारावर गुडघ्यांसाठी तू काठ्या नेतच आहेस. पण त्या तंबूंना जमीन नीट बघून खुंट्या ठोकाव्या लागतात, आणि खडकाळ जागी रात्री वारा सुटला की त्यांचा फार वैताग येतो. 1.4 किलोचा, स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा घेतलास तरी दीड किलो वाचतो. मी तोच घेईन. कापडाबद्दल एकच सांगतो: नायलॉन भिजलं की सैल पडतं, रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टरचा हा त्रास बराच कमी.

सॅक सगळ्यांत शेवटी घे. हा क्रम सगळे उलटा करतात. आधी हौसेने सत्तर लिटरची सॅक आणतात आणि मग रिकामी जागा बघवत नाही म्हणून ती भरतात. सामान कमी झाल्यावर ते एका खोक्यात भरून किती होतंय ते बघ. मला वाटतं पन्नास-पंचावन्न लिटरमध्ये बसेल आणि तशी सॅक सव्वा-दीड किलोत येते. त्याहून हलक्या, पाठीला सळई किंवा पट्टी नसलेल्या सॅका असतात, अर्ध्या-पाऊण किलोच्या. दिसायला मोहक. पण आठ-नऊ किलोंच्या वर गेलं की त्या वजन कमरेवर नीट उतरवत नाहीत, सगळं खांद्यावर येतं. अर्धा किलो वाचवून, सगळी कपात झाल्यावर उरणारे तेरा किलो खांद्यांवर घ्यायचे, हा व्यवहार मला कधी पटला नाही. हलकं म्हणजे सुखाचं असं सरसकट धरणारे नेमके इथेच फसतात. नीट बसणारी सव्वा किलोची सॅक तेवढंच सामान अर्ध्या किलोच्या सॅकपेक्षा सुखाने वाहते.

नीट बसणारी म्हणजे तुझ्या पाठीच्या मापाची. उंचीवरून माप घेऊ नकोस. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड टोचतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप लाव, तेच माप. दुकानात सॅकमध्ये वजन घालून घेतल्याशिवाय पाठीला लावून बघू नकोस. कमरेचा पट्टा पोटावर नको, त्या हाडांवर बसला पाहिजे. आधी तो आवळ, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून मागे जाणाऱ्या छोट्या दोऱ्या. भरताना जड वस्तू, म्हणजे खाणं आणि पाणी, पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या आसपास. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे खेचते आणि माणूस दिवसभर पुढे वाकून चालतो.

कपड्यांचं फार लिहीत नाही. चालायचा एक जोड, झोपायचा एक कोरडा जोड, ऊब देणारं एक जाकीट, पावसाचं एक. मोजे तेवढे जास्त चालतील. जीन्स काढ, ती भिजली की दगड होते. 800 ग्रॅम इथे सुटतात.

बुटांवर मात्र थांबतो, कारण तुझ्या यादीत ते नाहीतच! अंगावरचं वजन मोजायचं नाही अशी पद्धत आहे खरी, पण पायांना ते कळतंच ना. सोल आणि गोल्डमन या दोघा संशोधकांनी 1969 मध्ये डोक्यावर, हातात आणि पायांत वजन बांधून माणसं चालवली आणि शक्ती किती खर्च होते ते मोजलं. पायांतल्या वजनाला धडावर वाहिलेल्या तेवढ्याच वजनापेक्षा साधारण चार ते सहा पट खर्च येतो असं निघालं. तुझे ते घोट्यापर्यंतचे चामड्याचे बूट दीड किलोंच्या पुढे असतील. आखलेल्या वाटेवर, 13 किलो पाठीवर घेऊन, चांगल्या तळव्याचे हलके बूट पुरतात. एका जोडीमागे अर्धा किलो वाचला तर पाठीवरचे दोन-तीन किलो उतरवल्यासारखंच. दाढीच्या ब्रशचा, दातांच्या ब्रशचा दांडा कापणारे लोक मी पाहिलेत. त्यात वाचतात सात-आठ ग्रॅम, आणि तेच लोक पायात विटा बांधून फिरतात.

किडूकमिडुकात पॉवर बँक 20,000 एमएएचची आहे, ती 10,000 ची कर, 200 ग्रॅम गेले. औषधांची पेटी 600 ग्रॅमची आहे. तिच्यातल्या गोळ्यांच्या अख्ख्या पाकिटांऐवजी लागतील तेवढ्या घे, पण फोडांवरच्या पट्ट्या, बँडेज आणि तुझी रोजची औषधं यांना हात लावू नकोस. नकाशा, शिट्टी, हेडटॉर्च आणि पावसाचं जाकीट यांच्या बाबतीत तासांचा हिशेब करायचाच नाही. त्या वस्तू सहा दिवस पडून राहिल्या तर उत्तमच. पाण्याचं असं की वाटेत झरे कुठे आहेत ते नकाशावर बघ, गाळणी घे, आणि जिथे दोन तासांत पुढचं पाणी आहे तिथे एक लिटरच भर. खाणं मात्र मोजून मापून अर्धपोटी नेऊ नकोस. स्निग्ध पदार्थांत ग्रॅममागे नऊ कॅलरी असतात, पिठूळ आणि गोडात चार. तेव्हा सुकामेवा आणि तेल वाढवलंस की वजन न वाढवता पोट भरतं.

तू एमा गेटवुडचं नाव काढलंस. बाई खरीच अचाट. 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, तिने अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही लांबलचक पायवाट एका दमात एकटीने पूर्ण केली. असं करणारी ती पहिली स्त्री. खांद्यावर घरी शिवलेली एक झोळी, त्यात लष्करी घोंगडी आणि प्लास्टिकचा न्हाणीघराचा पडदा, पायात कॅनव्हासचे बूट. ना तंबू, ना स्लीपिंग बॅग. पण तिच्या नावाने हलक्या सॅकचा झेंडा फडकवणारे एक गोष्ट सांगत नाहीत: त्या वाटेवर ठिकठिकाणी निवारे होते आणि अनोळखी लोक तिला घरात, ओसरीवर झोपायला जागा देत. छप्पर दुसऱ्याचं असेल तर आपली झोळी हलकी राहते. तुझ्या वाटेवर छप्पर नाही, म्हणून तुझ्या पाठीवर तंबू आहे. तिच्या झोळीचं वजन तुला लावून घेऊ नकोस. तसाच तो "सॅक शरीराच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत हवी" वाला नियमही सोड. तंबू काही माणसाच्या वजनाप्रमाणे लहान होत नाही. किरकोळ अंगाच्या माणसाला तर उलट जास्त उबदार बॅग लागते.

एवढं सगळं केलंस तर साडेबाराचे साडेसात होतात, खुर्ची धरून. खाणं, गॅस आणि एक लिटर पाणी मिळून 13 च्या आसपास, आणि रोज पाऊण किलो आपोआप कमी होत जाणार.

नवीन सामान आलं की पूर्ण भरलेली सॅक घेऊन एक अख्खा दिवस चाल, आणि त्याच रात्री नव्या मॅटवर बाहेर झोपून बघ. कमरेचा पट्टा कुठे काचतो ते दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळव. खुर्चीबद्दल मत बदललंस तर मात्र पत्र लिहू नकोस, सरळ फोन कर, मला भांडायचं आहे.

तुझा,
यादी तपासणारा