आत्याची काळजी आणि स्टॅनस क्लोराईड

साखळी, गोवा

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, "पप्पा, तुम्ही हो म्हणा, मग न्यूक्लिअर मेडिसिनचा फॉर्म भरते." पेशंटला किरणोत्सर्गी औषध देऊन स्कॅन काढायचं हे काम तू निवडलंस, त्याला माझं हो आहेच. पण फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि आत्याने चतुर्थीला सगळ्यांसमोर काढलेला विषय अजून घरात फिरतो आहे. म्हणून लिहायला बसलो.

आधी आत्याचं. पोरगी रेडिएशनमध्ये काम करणार, उद्या लग्न आहे, मुलंबाळं आहेत, एवढंच तिचं म्हणणं. तिला हसू नकोस. एक्स-रेच्या खोलीबाहेरची पाटी तिने वाचलेली आहे आणि काळजी खरी आहे. तिला आकडे सांग. आपल्याकडे परमाणु ऊर्जा नियामक परिषदेने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर जायचं नाही. सोळा ते अठरा वर्षांच्या शिकाऊ मुलांसाठी ती वर्षाला 6 वरच थांबते. आणि काहीही न करता, माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला साधारण 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. या खात्यातल्या लोकांचे आकडे सहसा मर्यादेच्या बरेच खाली असतात. छातीवर अंगाला लागलेली किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज लागतो, तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो. बाई गरोदर असल्याचं तिने कळवलं, की पुढच्या काळात पोटातल्या बाळाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये अशी कामाची आखणी करणं मालकाला भाग असतं. खाणीवर आम्ही इतकी वर्षं धूळ खाल्ली, ती कुणी अशी दर तिमाहीला मोजली नाही. हे आत्याला मीच सांगतो, तू बोललीस तर तिला उद्धटपणा वाटेल.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे.

टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य औषधाच्या कुपीत मिसळून स्कॅनची किट कशी बनते ते तू समजावत होतीस, तेव्हा मध्येच 'स्टॅनस क्लोराईड' म्हणालीस आणि माझे कान टवकारले. लोहखनिजाच्या लॅबमध्ये माझी उमर त्याच बाटलीपाशी गेली. खनिज हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं, पिवळा रंग जाईपर्यंत स्टॅनस क्लोराईड थेंब थेंब सोडायचं, मग डायक्रोमेटने टायट्रेशन. त्या द्रावणाचा स्वभाव मला पाठ आहे. हवा लागली की त्याची ताकद जाते. दिसायला तसंच राहतं, काम करत नाही.

तुझ्याकडेही स्टॅनस क्लोराईडमधल्या टिनचं काम तेच. जनरेटरमध्ये मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम तयार होत राहतं, ते सलाईनने काढतात (तुमचे लोक त्याला गाय दोहणं म्हणतात म्हणे, आणि एकदा दोहल्यावर पुन्हा भरायला जवळजवळ दिवस लागतो, तेव्हा नाव अगदीच चुकीचं नाही). ते परटेक्नेटेटच्या रूपात असतं आणि तसं हाडाच्या औषधाला धरत नाही. टिनने त्याचं क्षपण केलं तरच धरतं. कुपीत सिरिंजबरोबर हवा गेली, टिन आधीच ऑक्सिडाइझ झालं, तर परटेक्नेटेट मोकळंच राहतं. मग हाडांच्या स्कॅनवर थायरॉईड आणि जठर उजळून दिसतात. डॉक्टर विचारात पडतात आणि पेशंटला पुन्हा बोलवावं लागतं. माझ्याकडे नमुना शंकास्पद वाटला तर आमोण्याच्या बार्जवरून दुसरा मागवता यायचा. तुझ्याकडे तो माणूस सत्तरीतून पहाटेची बस धरून आलेला असेल, आणि त्याच्या शिरेत डोस गेलेलाही असेल.

म्हणून किटमध्ये मोकळं परटेक्नेटेट किती ते दाखवणारी क्रोमॅटोग्राफी, जनरेटरमधून काढलेल्या द्रावणात मॉलिब्डेनम उतरलं आहे का ही तपासणी, डोस मोजणाऱ्या कॅलिब्रेटरची रोजची खात्री, स्कॅन काढणारा गॅमा कॅमेरा सगळीकडे सारखं मोजतो का ही सकाळची तपासणी, यांतलं एकही 'आज राहू दे' म्हणून सोडायचं नाही. घाईच्या दिवशी तर नाहीच. आणि घाई रोजच असणार. टेक्नेशियमचं अर्धायुष्य 6 तास, म्हणजे सकाळी आठला मोजलेला डोस दुपारी दोनला निम्मा. पेट (PET) स्कॅनसाठीचं फ्लोरिन-18 तर 110 मिनिटांत निम्मं होतं. ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रापासून चार तासांच्या वाटेवर असलेल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत पाव हिस्सासुद्धा उरत नाही. विमान उशिरा आलं म्हणून तो पदार्थ थांबत नाही. ही घाई तुला सोसेल का, हे तू स्वतःलाच विचार. घरी आंघोळीला तुला पाऊण तास लागतो, म्हणून विचारतो.

हातांना सवय लागली की वेग येतो. आधी किरणोत्सर्गी काही नसलेल्या साध्या पाण्याने सिरिंज भरायचा सराव कर, शिल्डसकट. अंतर दुप्पट केलं तर मात्रा पावपट होते, तेव्हा चिमटा आळसाने बाजूला ठेवायचा नाही. आणि शिशाचा एप्रन घातला म्हणजे झालं, असं पेटच्या खोलीत समजू नकोस. त्या 511 केईव्ही ऊर्जेच्या किरणांपुढे साधा एप्रन फारसं काही करत नाही.

पेशंटचं तुला चांगलं जमेल, आजीला इंजेक्शन द्यायला घरी नर्स यायची तेव्हा आजीला बोलण्यात गुंतवायचीस तू. फक्त इथे क्रम उलटा आहे. इंजेक्शननंतर पेशंट स्वतःच किरणांचा स्रोत होतो, म्हणून सगळं समजावणं, धीर देणं, शौचालय कुठे ते दाखवणं, हे आधी. पेटच्या पेशंटने तर नंतर तासभर गप्प पडून राहायचं असतं. बडबडला तर स्वरयंत्राचे स्नायू स्कॅनवर उजळतात, थंडी वाजली तर मानेतली तपकिरी चरबी. एसीच्या खोलीत चादर द्यायला विसरू नकोस. उपाशी आलेल्या म्हातारीला रक्तात साखर जास्त आहे म्हणून परत पाठवायची वेळ येईल. तेव्हा कोकणीत बोल. मुंबईतही आपली माणसं भेटतील.

आता पैशांचं. बारावीनंतर थेट मणिपालसारख्या ठिकाणी बी.एस्सी. करायचा रस्ता तुझ्यासाठी मागे पडला. तुझी केमिस्ट्रीची पदवी यंदा होते आहे, तेव्हा पदविका किंवा एम.एस्सी., हे दोनच. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 सालचं, भाभा अणुसंशोधन केंद्राचं. तिथे जागा मिळाली तर दुसरीकडे बघायचंच नाही. मिळाली नाही तर जाहिरातींच्या मागे धावू नकोस. 'न्यूक्लिअर', 'इमेजिंग' असे शब्द नावात घालून कोर्स विकणारे पुष्कळ आहेत. नियामक परिषद त्या पात्रतेला टेक्नॉलॉजिस्ट म्हणून मान्यता देते का, हे लेखी विचार. त्याशिवाय एक रुपया भरायचा नाही. पुढे आरएसओची (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची) परीक्षाही याच मान्यतेवर अवलंबून असते.

गोव्यात या कामाच्या जागा मोजक्याच राहणार, हे आईला मी सांगितलं आहे. ती गप्प बसली, पण नाही म्हणाली नाही. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा एकाच धंद्यावर उभं राहिलेलं गाव कसं आडवं होतं ते आम्ही दोघांनी पाहिलंय. बाहेर जाऊन चालतं असं काम तुझ्या हाती असलं, तर मला बरंच वाटेल.

पालकांच्या सहीचा कागद पोस्टाने पाठवू नकोस, शनिवारी येशील तेव्हा आण. फीची दोन्ही पत्रकंही आण, आणि वसतिगृहाचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा, ते आधी विचारून ठेव.

तुझे पप्पा