पाळी लांबवायची गोळी : दुकानात विचारण्याआधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गौरी-गणपती जवळ आले की औषधाच्या दुकानांत ‘पाळी पुढे जायची गोळी’ मागणाऱ्या वाढतात. बहुतेकींना चिठ्ठीशिवाय पट्टी मिळते आणि ‘दिवसातून तीनदा’ एवढेच सांगितले जाते. घ्यावी की नाही, हा जिचा तिचा प्रश्न. (गौरी स्वतः माहेरवाशीण, तिला यात नवे काही नसावे.) घ्यायची तर नीट माहिती हवी.

बीज सुटल्यावर बीजकोशात प्रोजेस्टेरॉन तयार होते आणि गर्भाशयाचे अस्तर धरून ठेवते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत त्याची पातळी घसरते, अस्तर सुटते, पाळी येते. गोळीतले नॉरएथिस्टेरॉन प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करते. ते चालू असेपर्यंत अस्तर टिकते. म्हणून गोळी अपेक्षित तारखेच्या 3 दिवस आधी सुरू करतात : 5 मिलिग्रॅमची एक, दिवसातून 3 वेळा. डाग दिसू लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मधली एखादी चुकली तरी ऐन पूजेत डाग लागू शकतो. बंद केल्यावर 2-3 दिवसांत पाळी येते. न आल्यास आधी गर्भचाचणी करावी, कारण अशी घेतलेली गोळी गर्भ रोखेल असे धरून चालता येत नाही.

दुकानात न सांगितली जाणारी बाब वेगळीच आहे. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. हे संयुक्त गर्भनिरोधक गोळीतले इस्ट्रोजेन, त्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दिवसाला 15 मिलिग्रॅम म्हणजे त्या बाबतीत जवळजवळ नेहमीची संयुक्त गर्भनिरोधक गोळीच. निरोगी तरुणीला चार-आठ दिवसांत सहसा काही होत नाही. पण पूर्वी पायात वा फुप्फुसात गुठळी झालेली, डोळ्यांपुढे लखलखाट होऊन अर्धशिशी उठणारी, पस्तिशीपुढची तंबाखू ओढणारी, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेली, यांनी ती परस्पर घेऊ नये. गुठळीची भीती असलेल्या काहींना डॉक्टर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन देतात. त्याचे इस्ट्रोजेन होत नाही. क्षयाचे रिफाम्पिसिन किंवा फिटवरचे फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन चालू असेल तर नॉरएथिस्टेरॉनचा असर घटतो.

माला-डी किंवा माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेणाऱ्यांना तर वेगळी गोळी लागतच नाही. 21 गोळ्या संपल्या की लोहाच्या 7 गोळ्या बाजूला ठेवून दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करायचे. हे सोपे उत्तर दुकानात कुणी सांगत नाही, आणि बाई दोन-दोन हार्मोन एकदम घेत बसते.

औषध विक्रेत्यांनी चिठ्ठी मागावीच. किमान गर्भाची शक्यता, गुठळीचा इतिहास आणि चालू औषधे, एवढे तरी विचारावे. गोळ्या चालू असताना एकाच पोटरीला सूज व दुखणे, छातीत कळ किंवा अचानक धाप लागली तर गोळी थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे आणि गोळीचे नाव आपणहून सांगावे. ‘कोणते औषध चालू आहे का?’ या प्रश्नावर पाळीची गोळी सहसा कुणाला आठवत नाही.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सांगली