‘पफ’वरचा तो आळ पुन्हा नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पॉप गाण्यांच्या ‘दडलेल्या अर्थां’वर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी मोठ्या उत्सुकतेने वाचायला घेतला आणि ‘पफ, द मॅजिक ड्रॅगन’पाशी अडखळले. हे गाणं गांजाबद्दल आहे, असं लेखात एका वाक्यात सांगून टाकलंय. ते खरं नाही. साठ वर्षांपूर्वीचा हा आळ आहे आणि तो आजही छापला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

या गाण्याची मूळ कविता लेनी लिप्टन या विद्यार्थ्याने १९५९ मध्ये लिहिली. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पीटर यारोने तिला चाल दिली, शब्दांची भर घातली आणि १९६३ मध्ये पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाने ती घरोघरी पोचवली. समुद्राकाठी राहणारा एक ड्रॅगन आणि जॅकी पेपर नावाचा त्याचा छोटा दोस्त, एवढीच ही गोष्ट. जॅकी त्याच्यासाठी दोरीचे तुकडे, लाख असल्या मुलांच्या खजिन्यातल्या वस्तू घेऊन येतो. दोघं शिडाच्या होडीतून हिंडतात. मग एके दिवशी जॅकी यायचा थांबतो. ड्रॅगनला मरण नाही, पण मुलं मोठी होतात. पफच्या अंगावरचे हिरवे खवले गळू लागतात आणि तो मान खाली घालून आपल्या गुहेत परततो. लहानपण आपल्याला सोडून जातं ते असं, मागे वळून न बघता. एवढं सगळं गाण्यात धडधडीत लिहिलेलं असताना ‘पफ’ म्हणजे झुरका आणि ‘पेपर’ म्हणजे विडी वळायचा कागद, अशी फोड कुणीतरी केली. १९६४ च्या सुमारास ती छापूनही आली आणि पुढे तीच लोकांच्या डोक्यात बसली. लिप्टन आणि यारो दोघांनीही तिचा हयातभर इन्कार केला.

बीटल्सच्या ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’चंही असंच झालं. जॉन लेननचा मुलगा ज्युलियन याने शाळेत आपल्या लूसी नावाच्या मैत्रिणीचं चित्र काढलं होतं. नाव त्या चित्रावरून सुचलं, असं लेनन अखेरपर्यंत सांगत राहिला. लोकांनी मात्र आद्याक्षरं जुळवून एलएसडी हे अमली द्रव्य काढलं.

‘लुई लुई’ची कथा तर याहून लांबली. रिचर्ड बेरीच्या या गाण्यात एक खलाशी लुई नावाच्या गुत्तेवाल्याला सांगतो, की तिकडे जमैकात माझी प्रेयसी वाट बघतेय, मला आता निघायला हवं. ‘किंग्जमेन’ या बँडने १९६३ मध्ये ते रेकॉर्ड केलं, तेव्हा गायकाचे शब्द इतके पुसट उमटले की ज्याला जे हवं ते ऐकू येऊ लागलं. अश्लील ओळी लिहिलेले कागद मुलामुलांत फिरले, पालकांनी तक्रारी केल्या आणि एफबीआयने दोन वर्षांहून अधिक काळ तपास चालवला. रेकॉर्ड वेगवेगळ्या गतींनी फिरवून ऐकली गेली. शब्द समजत नाहीत, हा निष्कर्ष निघाला. बेरीने स्वतः गायलेली, शब्द नीट कळणारी रेकॉर्ड तर १९५७ पासून बाजारात होती.

नसलेला अर्थ शोधायला आपण एवढा खटाटोप करतो. पण जो अर्थ गायक तोंडाने सांगत असतो, तो आपल्या कानावरून जातो. आपल्या लेखात याबद्दल काहीच नाही, म्हणून हे पत्र एवढं लांबतंय.

माझी एक मैत्रीण ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ लागलं की खोलीतून उठून जाते. पोलिस या बँडचं १९८३ चं हे गाणं अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. लोक ते लग्नात वाजवतात. मलाही ते आवडायचं, त्यामुळे ती का उठते ते कळेना. तिचं लग्न मोडलं त्यानंतर कधीतरी तिने सांगितलं, की ती कुठे गेली, कुणाशी बोलली, घरी किती वाजता आली, याची नोंद तिचा नवरा ठेवायचा. त्या दिवशी मी छापील शब्द समोर धरून गाणं ऐकलं. तू टाकलेलं प्रत्येक पाऊल, तू मोडलेलं प्रत्येक वचन, माझी नजर तुझ्यावर असेल. गाणंभर हेच. हा प्रेमाचा नव्हे, पहाऱ्याचा सूर आहे, हे गाणं लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या स्टिंगने स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलंय. फसवते ती चाल. पन्नाशीच्या दशकातल्या हळव्या प्रेमगीतांची ठरलेली स्वरावली तिथे वापरलीय, आणि ती कानावर पडताच आपण शब्दांवरचं लक्ष काढून घेतो. मैत्रिणीला मात्र ते गाणं पहिल्याच कडव्यात कळलं होतं.

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न इन द यूएसए’बाबत फसवतो तो ढोल आणि सिंथेसायझर. ध्रुवपद ऐकलं की मिरवणुकीत असल्यासारखं वाटतं. कडव्यांत आहे व्हिएतनामहून परतलेला एक माणूस. त्याला कारखान्यात काम मिळत नाही, त्याचा भाऊ व्हिएतनाममधल्या खे सान्हच्या लढाईत गेलेला आहे, आणि दहा वर्षं झाली तरी त्याला जायला ठिकाण नाही. १९८४ च्या निवडणूक प्रचारात अध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा गौरव केला आणि दोनच दिवसांनी त्याने भर मैफिलीत त्यावर नाराजी दाखवली. १९८२ मध्ये त्याने हे गाणं घरी एकट्याने, नुसत्या गिटारवर रेकॉर्ड केलं होतं; १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शब्द जवळपास तेच, पण ते ऐकून कुणी मूठ उगारणार नाही.

भाषा परकी असली की तर विचारायलाच नको. माझी मुलगी दुसरीत असताना शाळेच्या कार्यक्रमात ‘मॅकारेना’वर नाचली. उजवा हात पुढे, मग डावा, तळवे उलटे, खांदे, डोकं, कंबर. आठवडाभर आरशासमोर उभं करून मीच तिच्याकडून बसवून घेतलं होतं. लोस देल रिओ या स्पॅनिश जोडीचं हे गाणं १९९६ मध्ये अमेरिकेत १४ आठवडे अव्वल होतं. त्यातल्या मॅकारेनाचा प्रियकर सैन्यात भरती होऊन शपथ घेत असतो आणि ती त्याच्याच दोन मित्रांबरोबर मजा करत असते. मुलगी मोठी झाल्यावर स्पॅनिश शिकली आणि एका संध्याकाळी तिनेच मला ओळ न ओळ समजावून सांगितली.

शीर्षकांचंही तेच. ‘लूझिंग माय रिलिजन’ वाचून अनेकांना ते गाणं देवाधर्माविरुद्ध वाटतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात या शब्दप्रयोगाचा अर्थ संयम सुटणं, जीव मेटाकुटीला येणं असा होतो. आरईएम या अमेरिकी बँडचं हे १९९१ चं गाणं एकतर्फी प्रेमाने कासावीस झालेल्या माणसाचं आहे. बोलीभाषा जाणणाऱ्याला हे सांगावंही लागत नाही.

तेव्हा माझी विनंती आहे, की अशा लेखांत गाण्याची निदान दोन-तीन कडवी काय सांगतात ते द्यावं, आणि गीतकार त्यावर काही बोलला असेल तर तेही. आमच्यासारखे वाचक त्या भरवशावर मुलांना गाणी ऐकवतात. ‘पफ’बद्दलची दुरुस्ती येत्या पुरवणीत यावी. जागा कमी असेल तर या पत्रातलं बाकी सगळं गाळा, ड्रॅगनचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपली,
एक वाचक