कपड्यांच्या तारेवरून ७ मेगाहर्ट्झ

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय संजू,

सोसायटीने गच्चीवर अँटेना लावू दिली नाही म्हणून तू हॅम रेडिओचा सेट माळ्यावर टाकलास, हे वाचून जीव हळहळला. लायसन्ससाठी आपण रात्र रात्र मोर्स घोकलाय रे!

इथं तरी मला अँटेनाचा खांब कोण उभारू देणार? भाड्याचं घर, त्यात उंच काठी दिसली की वीज पडेल, नाहीतर मोबाइलचा टावर येईल, ही गावात भीती. मग अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेकडं लक्ष गेलं. ती लोखंडी होती, जोड गंजलेले. गंजलेला जोड डायोडसारखा, म्हणजे करंट एकाच दिशेनं सोडल्यासारखा, वागतो, खरखर वाढवतो. म्हणून ती काढून नायलॉनची दोरी ताणली आणि तिच्या अंगानं घरगुती फिटिंगची तांब्याची वायर नेली.

अँटेनाच्या लांबीचा हिशोब तोच आपला: १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी ७.१, म्हणजे २० मीटरला थोडं वर, दोन्ही बाजूंना दहा-दहा. वायरवर प्लास्टिकचं आवरण, म्हणून छाटत छाटत प्रत्येक बाजू ९.७ मीटरवर थांबवली. मधला जोड, जिथं सेटची केबल लागते, ओसरीच्या खांबाला, चार मीटर उंचीवर. एक बाजू दोरीवरून कडुनिंबाकडे, दुसरी गोठ्याच्या लाकडी तुळईला, टिनांपासून जमेल तेवढी दूर. टोकाशी जागा संपली, तिथं वायर खाली वळवली. करंट मध्यावर जास्त असतो, तेव्हा मधला भाग सरळ आणि उंच असला की टोकं वाकली तरी चालतं. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे लावलेत.

एवढ्या कमी उंचीवरून सिग्नल बहुतेक वरच जातो आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत जवळपासच उतरतो. आपल्याला तेच हवं. पहिल्याच दुपारी १० वॅटवर हैदराबाद मिळालं. लोडशेडिंग झालं की काय शांतता असते बँडवर! एलईडी दिव्यांची घरघर थांबते आणि कुजबुजीएवढे सिग्नल वर येतात.

एक चूक मात्र मोठी केली. घरमालकीण काकूंना काही सांगितलंच नाही. एका सकाळी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून सिग्नल किती परत फिरतो त्याचं माप) १.४ वरून एकदम २.५ वर गेला. बाहेर येऊन पाहतो तर दोरीवर ओलं नऊवारी, पाणी निथळतंय, आणि काकू टोकाजवळ दुसरं पातळ झटकत उभ्या. माझ्या पोटात गोळा आला. बोलताना टोकांवर व्होल्टेज चढतं, चटका बसतो. आवरणाचा काय भरवसा! सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरा, मले आधीच सांगतलं असतं तं म्या इकडं कपडे टाकलेच नसते ना!" आता मी सेटवर बसलो की दाराला निळा दुपट्टा अडकवतो. तो दिसला की त्या दोरीकडं फिरकत नाहीत. टोकंही हाताबाहेर उंच केलीत. रस्त्यावरच्यांना तार दिसली नाही तरी चालेल, घरातल्यांना ती माहीत असलीच पाहिजे, संजू.

तुझ्यासाठी सुचतं ते असं. मोटर वाइंडिंगची अर्ध्या मिलिमीटरची इनॅमल वायर घे, २० मीटर. बाल्कनीतून समोरच्या गुलमोहरापर्यंत ने. खालून कुणाला दिसणार नाही. तिला एका टोकाकडून सिग्नल द्यायचा, तर केबलशी मेळ बसवायला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याचं टोरॉइड, म्हणजे वायर गुंडाळायचं चुंबकीय कडं, मी पाठवतो. गॅसच्या पाइपला आणि इमारतीच्या वीजरोधकाला हात लावू नकोस. विजेच्या तारांपासून लांब राहा. ढग गडगडले की केबल काढून ठेव.

येत्या रविवारी सकाळी नऊला ७.१०० मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकत बसतो. दुपट्टा पावणेनऊलाच अडकवीन.

७३ (आपल्या हॅम भाषेत शुभेच्छा),
तुझा
विन्या